एका मांडवावर तीन घरचं बी

वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये करुणाला नावानं ओळखणारी माणसं थोडी. "दुधीवाली आली का?" असंच विचारतात. ती येते निरवांगीहून, स्कुटीच्या मागं दोन क्रेट बांधून. गावाच्या खालच्या अंगाला, नीरा नदीकडं, तिचे सासरे रामभाऊ यांनी घेऊन ठेवलेलं पंधरा गुंठे रान आहे. चारी बाजूंनी ऊस, आणि त्या उसाच्या मधोमध करुणाचा तारेचा मांडव. रामभाऊ गेले तेव्हा तिचा नवरा समाधान म्हणाला होता, "आपण बी ऊस लावू आन् मोकळं होऊ." समाधान कारखान्यात पाळीच्या ड्युटीवर जायचा, त्याला रानाकडं बघायला सवड नव्हती. पण करुणाला वर्षभर वाट बघायचं पीक नको होतं. तिला रोज काहीतरी खुडायला लागायचं. तिनं भाजी धरली आणि सोडली नाही.

उन्हाळ्यात दुधी, पावसाळ्यात दोडका, थंडीत मेथी-कोथिंबीर. त्यातला दुधी तिचा खरा. तिचा स्वभाव ठरलेल्या वाटेनं जाणारा, त्यामुळं बीही ठरलेलं. हिरव्या पाकिटातलं, वर लांबट दुधीचं चित्र असलेलं. कुठल्या कंपनीचं ते ती कधी वाचायची नाही, दुकानात जाऊन "आपलं ते हिरवं" म्हणायची. जानेवारीच्या शेवटी टोकायचं, एप्रिलात क्रेट भरायचे. सात-आठ वर्षं हेच चाललं होतं.

गेल्या वर्षी ते हिरवं पाकीट मिळेना.

वालचंदनगरात ऋषिराजचं बियाण्यांचं दुकान होतं. तो म्हणाला, "वहिनी, वरनंच माल न्हाय. बियाण्याचे प्लॉट पावसात गेले म्हणत्यात. दुसरं देऊ का?" त्यानं एक पिवळं पाकीट काढलं. चित्र तसंच, नाव जवळजवळ तसंच, शेवटचं एक अक्षर फक्त वेगळं.

"ह्ये त्येच हाय का?" करुणानं विचारलं.

"त्येच म्हटलं तर त्येच."

"म्हणजे?"

"आता वहिनी, मी काय आत शिरून बघितलंय का? कुणी चांगलं म्हणतंय, कुणी न्हाय."

ती इंदापूरला गेली. तिथं हिरवं पाकीट होतं, पण त्यासोबत औषधाची एक बाटली घ्यावीच लागेल म्हणाले, आणि ती बाटली कशासाठी ते विचारलं तर दुकानातल्या दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली. बारामतीला समाधानला धाडलं. तो एक पाकीट घेऊन आला. एका माणसाला एकच देत होते, आणि आधार कार्डाचा फोटोही काढून घेतला म्हणाला. दुधीच्या बियाला आधार कार्ड कशाला, हे त्यालाही कळलं नव्हतं. एका पाकिटात तिचा अर्धा मांडव झाला असता.

उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं, या विचारात ती संध्याकाळी ओट्यावर बसली होती, तेव्हा सासू तुळसा आतून एक वाळलेला दुधी भोपळा घेऊन आली. मडक्याएवढा, पिवळसर, हलवला की खुळखुळणारा. तुळसाबाई सत्तरीच्या, अंगानं बारीक, पण आवाज खणखणीत. घरामागं ओढ्याच्या काठाला त्या दर साली दोन-तीन वेल घरच्यापुरते लावत आणि एक भोपळा बियाला राखत.

"ह्यातलं घे," त्या म्हणाल्या. "माझ्या आईपासनं चालत आलंय. पाकीट नव्हतं तवा काय लोक दुधी खात नव्हते का?"

करुणाला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. सासूचं बी नाकारता येत नाही, आणि ते नीट आलं नाही तर बोलताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात ती ही गोष्ट प्रयागबाईला सांगून बसली. प्रयागबाई कळसची, आणि करुणाचं माहेर कळस. बाजारात दोघींच्या जागा शेजारी. करुणा लहान असताना प्रयागबाईच्या रानातल्या काकड्या तिनं चोरून खाल्लेल्या, ते अजून दोघी काढून हसायच्या. पुढच्या बाजारी प्रयागबाईनं पदराच्या गाठीतून मूठभर बी काढलं आणि करुणाच्या ओंजळीत टाकलं.

"माहेरचं हाय, न्हाय म्हणायचं न्हाय. सासूच्या बियाशेजारी लाव. बघू कुणाचा वेल पुढं जातोय."

बाजारातल्या बायका हसल्या. करुणाही हसली. घरी येईपर्यंत मात्र तिच्या डोक्यात गोंधळ सुरू झाला होता. दोन्ही लावायचं, तर कुणाचं किती? सासूचं जास्त लावलं तर माहेरचा मान गेला, माहेरचं जास्त लावलं तर घरात तोंड दाखवायचं कसं? शेवटी तिनं पहिल्या दोन ओळी पाकिटाच्या केल्या, तिसरी तुळसाबाईंची, चौथी कळसची. बी टोकायची सारखी आळी, सारखं खत, सारखं पाणी. मनात म्हणाली, झालं, आता ज्याचं त्याला ओळखू येईल.

पण बी उगवायच्या वेळेला उंदरांनी रात्रीतून कितीतरी आळी उकरली. काही बी तसंच कुजलं. ज्या आळ्यात उगवलं नाही तिथं परत बी टोकायचं, त्याला नांग्या भरणं म्हणतात. करुणा ते दुसऱ्या दिवशी करणार होती. बाजारातून परत आली तर तुळसाबाई ओल्या हातानं ओट्यावर बसलेल्या.

"भरल्या नांग्या," त्या म्हणाल्या. "तू दमून येशील म्हटलं."

"आत्या, कुठलं बी टोकलं?"

"जे व्हतं त्ये."

"म्हणजे तुमचं का कळसचं? का पाकिटातलं उरलेलं?"

तुळसाबाईंनी आठवायचा प्रयत्न केला. एका ताटलीत सगळं एकत्र भिजत घातलं, त्यातलंच उचलत गेल्या, असं काहीतरी त्या म्हणाल्या. मग जरा रागानं म्हणाल्या, "दुधीच येणार न्हवं? का चिंचा येणार हायत्या?"

करुणालाही वाटलं, खरंच, काय फरक पडतो?

मार्चमध्ये वेल तारेवर चढले. संध्याकाळी पांढरी फुलं उमलली की सगळा मांडव उसाच्या हिरव्या अंधारात वेगळा दिसायचा. एप्रिलला माल सुरू झाला. पाकिटाचा, सासूचा, माहेरचा, कोवळेपणी सगळा दुधी एकसारखाच. लांबट, फिका, बारीक लव असलेला. करुणानं सुरुवातीला वेगवेगळा खुडून बघितला, मग सोडून दिलं. चारही ओळींतले वेल वर जाऊन एकमेकांत असे गुंतले होते, की खाली लोंबणारा दुधी कुणाच्या मुळाचा, हे सांगता येत नव्हतं.

क्वार्टर्समध्ये मेघना मॅडम राहायच्या. शाळेत शिक्षिका. त्यांचे सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणत, रोज सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस घ्यायचे. कुणीतरी मोबाइलवर सांगितलं होतं, हृदयाला चांगला असतो. करुणा त्यांच्यासाठी मुद्दाम कोवळा दुधी बाजूला ठेवायची.

एका सकाळी मेघनाचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"करुणाताई, नानांना काल दवाखान्यात न्यावं लागलं. रस घेतला आणि अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. थांबेचनात. डॉक्टर म्हणाले, कडू दुधी पोटात गेला असणार. फार कडू असेल तर विषासारखा चढतो म्हणे."

करुणानं हातातला क्रेट खाली ठेवला.

"आता कसं हायत?"

"सलाईन लावलंय. बरे आहेत. आज घरी सोडतील."

"मॅडम, माझा दुधी व्हता का?"

"तेच तर कळत नाही. एक तुमच्याकडचा होता आणि एक मी बाजारातून आणला होता. फ्रिजमध्ये दोन्ही शेजारी होते. नानांनी स्वतःच कापला. साल कचऱ्यात गेली. आता कुणाचा होता, कसं सांगू?"

करुणा त्याच दिवशी नानांना बघायला गेली. नाना पलंगावर टेकून बसले होते, चेहरा उतरलेला, पण बोलत होते.

"कडू लागला न्हाय का तुमाला?" तिनं विचारलं.

"लागला की. लय कडू."

"मग पिला कशाला?"

"औषध कडूच असतं, असं वाटलं मला," नाना म्हणाले. "जितकं कडू तितका गुण."

मेघनानं चहा दिला, चांगली बोलली, पण निघताना नेहमीसारखं "परवा दोन आणा" म्हणाली नाही. त्या न म्हटलेल्या वाक्यानं करुणाला परतीच्या वाटेवर जास्त छळलं. दोष दिला असता तर नाही म्हणता आलं असतं, किंवा माफी मागता आली असती. आता माफी मागायची तर कशाची?

घरी येऊन तिनं क्रेटमधला पहिला दुधी उचलला, देठाकडून चकती कापली आणि जिभेवर ठेवली. गोड. दुसरा गोड. तिसरा, चौथा तसाच. तिला हायसं वाटलं. म्हणाली, बाजारातलाच असणार. आणि मग पुढच्या दुधीची चकती तोंडात घातली तशी ती उठून मोरीकडं पळाली. कडू म्हणजे कारल्यासारखा नव्हे. कारल्याचा कडूपणा तोंडात राहतो. हा घशातून खाली पोटाला जाऊन भिडला. ती थुंकली, चूळ भरली, गूळ खाल्ला, ताक प्याली. त्यानंतर जो दुधी चाखला तो कडूच लागायला लागला. आधी गोड लागलेला परत चाखला, तोही कडू. गूळसुद्धा कडू.

समाधान ड्युटीवरून आला तेव्हा ती ओट्यावर कापलेल्या दुधींच्या मधोमध बसली होती.

"तुमी बघा चाखून. माझी जीभ गेली."

समाधाननं एक फोड तोंडात घातली. चावली. "हाय वाटतं कडू." अजून चावली. "न्हाय वाटतं."

"एक काय तरी सांगा."

"तू इचारलंस म्हणून कडू वाटतंय. न इचारता दिली आसती तर खाल्ली आसती."

तुळसाबाई पुढं झाल्या. त्यांनी नेमकी त्या कडू दुधीची फोड उचलली. करुणा "आत्या, नगा" म्हणेपर्यंत ती तोंडात गेली. त्यांनी सावकाश चावली आणि म्हणाल्या, "गोड हाय की. काय झालंय ह्याला?" करुणानं त्यांना फोड थुंकायला लावली. त्या दोघांकडं बघत राहिल्या. तोंडाची चव गेली आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि घरातल्या कुणालाही नाही. दोन-चार महिने त्यांच्या हातच्या भाजीत मीठ जास्त का पडतंय, यावरून घरात कुरबूर झाली होती. ती आता समाधानला आठवली.

पुढचे काही दिवस करुणानं ज्याला-त्याला विचारलं. आणि गंमत अशी, की विचारलं त्या प्रत्येकाला उत्तर पक्कं माहीत होतं. ऋषिराज म्हणाला, "पाकिटाचं बी कडू निघतच न्हाय. घरचं बी आसंल." तुळसाबाई म्हणाल्या, "माझ्या आईपासनंचं बी हाय, कधी कडू न्हाय." प्रयागबाई म्हणाली, "आमच्या कळसला सगळं गाव हेच लावतंय. एक बी तक्रार न्हाय." उसाचा शेजारी रामहरी बांधावर उभा राहून म्हणाला, "वेलाखालनं साप गेला की कडू व्हतो." कृषी सहायकाला फोन केला, तो म्हणाला, "ऊन जास्त झालं, पाण्याचा ताण पडला, तर होतं. किंवा मागच्या साली जवळपास रानटी कडू भोपळ्याचा वेल असेल, त्याचं परागकण माशीनं आणलं असेल, तरी होतं. बघावं लागेल." यायला जमलं नाही त्याला, पण जे सांगितलं ते नीट सांगितलं.

करुणानं पाण्याचा हिशोब मनात फिरवला. ताण पडला होता, मधे पंपाला वीज नव्हती तेव्हा. पण ताण सगळ्या मांडवाला पडला होता, मग कडू एखादाच का? सापाचं तिला पटत नव्हतं, तरी मांडवाखाली जाताना ती पायाकडं बघायला लागली.

समाधान म्हणाला, "काढून टाक सगळा मांडव. उगं कुणाच्या जिवाशी खेळ नगं."

ते तिलाही वाटत होतं. विळा घेऊन ती एकदा गेलीसुद्धा. पण मांडवाखाली उभं राहिल्यावर शेकडो दुधी लोंबताना दिसले, त्यातले बहुतेक गोड, आणि त्यातला कुठला कडू ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं नव्हतं. ती विळा तसाच घेऊन परत आली. विक्री मात्र तिनं बंद केली. क्वार्टर्समध्ये लोकांनी फोन केले, ती म्हणाली, "माल न्हाय." मांडवावर माल वाढत राहिला.

मग एके सकाळी तिनं जुन्या साड्या काढल्या. लाल, पिवळी, निळी, एक फुलाफुलाची. त्यांच्या चिंध्या फाडल्या. पहिल्या आळ्याजवळ बसली, वेलाच्या बुडाला लाल चिंधी बांधली, आणि तोच वेल बोटानं धरत धरत वर गेली. तारेवर तो दुसऱ्यात शिरला, तिथं परत चिंधी. फाटे फुटले, प्रत्येकाला चिंधी. शेवटी त्याला लागलेल्या दुधीपर्यंत पोचली आणि त्याच्या देठालाही चिंधी बांधली. एका वेलाला किती वेळ गेला, ते तिनं मोजलं नाही. मोजलं असतं तर दुसऱ्याला हात घातला नसता.

दुपारी तुळसाबाई आल्या. त्यांनी खालून वेल धरला आणि हलवला. वर कुठलं पान हललं ते करुणानं बघायचं. हे जास्त जमायला लागलं. सासू खालून हलवायची, सून वर मान करून शोधायची.

"हाललं का?"

"न्हाय. परत."

"आता?"

"थांबा, वाऱ्यानं हाललं का तुमच्यानं?"

रंग संपले तेव्हा त्यांनी एका वेलाला दोन, दुसऱ्याला तीन गाठी मारायला सुरुवात केली. पुढं पुढं कुठल्या रंगाला किती गाठी, हेही विसरायला झालं, आणि काही वेल दोनदा करावे लागले.

चाखायचं काम करुणाचंच. एका दमात थोडेच वेल. जिभेच्या टोकावर चकती, लगेच थुंकायचं, चूळ भरायची, थोडं थांबायचं. कडू निघाला की त्या दिवशीचं काम बंद, कारण पुढचं काहीच खरं लागत नव्हतं. असा तो मांडव तिनं चाखून संपवला.

पाच वेल कडू निघाले. तिला वाटलं होतं, ते सगळे एका ओळीत निघतील. सासूच्या नाहीतर माहेरच्या. मग वाईट वाटलं तरी कळलं असतं. पण दोन निघाले तिसऱ्या ओळीत, दोन चौथ्या ओळीत आणि एक चक्क पाकिटाच्या ओळीत. आणि या पाचांतले कमीत कमी तीन नांग्या भरलेल्या आळ्यातले होते, जिथं ताटलीतलं मिसळलेलं बी पडलं होतं. राहिलेल्या दोघांचं नक्की सांगता येत नव्हतं.

तिनं पाचही वेल बुडातून कापले. वर ते सुकायला लागले, म्हणजे शोधलेला वेल तोच होता, याची खात्री पटली. एक मात्र चुकला होता. कापला एक आणि सुकला दुसराच, चिंधी भलत्याच फाट्याला गेली होती. परत शोधून खरा कापावा लागला. एक गोड वेल फुकट गेला.

त्या दिवशी रानातच भाकरी खाताना तुळसाबाई म्हणाल्या, "करुणे, माझंच बी आसंल."

"कशावरनं?"

"गेल्या साली ओढ्याच्या काठाला एक वेल आपआपच उगावला व्हता. माझ्या वेलापासनं जवळच. पांढरी फुलं लय आली. मला बरा दिसला, मी काय उपटला न्हाय. त्याला लागलेलं काय खाल्लं न्हाय कुणी." त्यांनी भाकरी बाजूला ठेवली. "त्यो कडू भोपळा व्हता का काय, मला काय ठावं?"

करुणाला हे ऐकून राग यायला हवा होता. पण तिच्या डोळ्यांसमोर आला तो खाली वाकून वेल हलवणारा म्हातारा हात. ती म्हणाली, "आसंल बी आन् नसंल बी. जेवा तुमी."

निदान एक उत्तर मिळालं असं तिला वाटलं. ते दोन दिवसही टिकलं नाही. बाजारात तिनं प्रयागबाईला सगळं सांगितलं, सासूचं बोलणंही. प्रयागबाई ऐकत ऐकत कोथिंबिरीच्या जुड्या पाण्यात बुडवत होती. मग हात थांबवून म्हणाली, "सासूला नगं बोलू. माझंच आसंल बघ. आमच्या खालच्या वस्तीला एकजण एकतारीसाठी कडू भोपळा लावतो. त्याचं रान माझ्या रानाला लागूनच हाय. मी तवा न्हाय म्हटलं, कारण बायका ऐकत व्हत्या."

"आता न्हाय ऐकत?"

"ऐकू दे की."

करुणा घरी आली ती आणखी गोंधळून. आधी दोघी "माझं नाही" म्हणत होत्या तेव्हा निदान त्यातली एक चूक आहे, हे पक्कं होतं. आता दोघी "माझंच" म्हणत होत्या, आणि दोघी खऱ्याही असू शकत होत्या. पाच वेलांत दोघींचं बी मावत होतं. आणि नानांच्या पोटात गेलेला दुधी तिच्या मांडवावरचाच होता का, हा पहिला प्रश्न अजून तिथंच उभा होता. बाजारात दुधी विकणारी ती एकटी नव्हती, आणि बियाची टंचाई तिला एकटीला नव्हती. घरचं, दारचं, उसनं बी बऱ्याच जणांनी टोकलं होतं.

ती परत क्वार्टर्समध्ये गेली. यावेळी क्रेटवर सुरी होती. ज्यानं दुधी मागितला त्याच्यासमोर देठाकडची चकती कापायची, स्वतः खायची, मग द्यायचा. काहींना ते आवडलं. एक बाई म्हणाल्या, "कापलेला नको, टिकत नाही." एकांनी विचारलं, "तुम्ही खाऊन देता म्हणजे काहीतरी गडबड असणार ना?" आणि घेतलाच नाही. करुणाला दोन्ही म्हणणी बरोबर वाटली. रस काढून पिणाऱ्यांना ती सांगायची, जरासुद्धा कडू लागला तर टाकून द्या, औषध म्हणून गिळू नका. हे सांगितल्यावरही दोन गिऱ्हाइकं तुटली.

मेघनाच्या दारात ती थांबायची नाही. स्कुटी जरा पुढं लावायची. एक दिवस मेघनाच गेटपर्यंत आली.

"आमच्याकडं का येत नाही?"

"मॅडम, माझ्या मांडवात पाच वेल कडू निघाले," करुणा म्हणाली. "कापले मी. पण नानांनी पिला तो माझाच व्हता का, मला अजून सांगता येत न्हाय. आसंल."

मेघनानं क्रेटकडं बघितलं. "मलाही सांगता येत नाही," ती म्हणाली. "एक द्या. भाजीला. रस बंद केलाय आम्ही."

करुणानं चकती कापली, तर मेघनानं ती तिच्या हातातून घेतली आणि स्वतः खाल्ली. "गोड आहे," ती म्हणाली. आतून नानांनी विचारलं, कोण आहे, तर "दुधीवाली" म्हणाली.

हंगाम संपत आला तसा पुढच्या सालचा विचार आला. एक चांगला गोड भोपळा बियाला राखावा, असं करुणाच्या मनात होतं. कृषी सहायक एकदाचा येऊन गेला होता, त्यानं नाही म्हटलं. "ज्या वेळी हा लागला त्या वेळी कडू वेल मांडवावर होतेच. माशी इकडून तिकडं गेली असणार. भोपळा गोड, पण त्याच्या पोटातलं बी कडू निघू शकतं."

"गोड भोपळ्यातलं बी कडू कसं निघंल?"

त्यानं परत समजावलं. करुणाला निम्मं कळलं. मांडवावरच्या सगळ्या गोड दुधींकडं तिनं पुन्हा पाहिलं आणि तिला वाटलं, आपण इतकं चाखलं ते फक्त या सालापुरतं.

पण कडू वेल कापून आता बरेच दिवस झाले होते. यापुढं उमलणारी फुलं निराळी. एका संध्याकाळी सासू-सुना मांडवाखाली गेल्या. मादी फुलामागं एवढासा दुधी आधीच धरलेला असतो, त्यावरून ते ओळखायचं. उमलायच्या आधी त्यावर पातळ कापडाची पिशवी बांधायची, अंधार पडता पडता उमललं की त्याच वेलाचं नर फूल खुडून आत हलकेच टेकवायचं आणि परत बांधायचं. सहायकानं सांगितलेलं. तुळसाबाईंना तेवढ्या उजेडात दिसत नव्हतं, करुणाच्या हाताला अंदाज नव्हता. पहिली तीन फुलं हातातच मोडली. चौथं टिकलं.

ते कुठल्या वेलावर बांधायचं, यावरही त्या घोटाळल्या होत्या. तिसऱ्या ओळीचा वेल घेतला तर सासूचं, चौथ्या ओळीचा घेतला तर कळसचं. अखेर तुळसाबाईंनीच दाखवला, नांगीतला एक. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या कडेचा, निळ्या चिंधीचा. तो कुणाच्या बियाचा, कुणालाच माहीत नव्हतं. चवीला मात्र सगळ्यात चांगला होता.

"पाकिटाचा निघाला तर?" करुणा म्हणाली. "पाकिटाचं बी परत तसंच येत न्हाय म्हणत्यात."

"मग कसं येतंय?"

"कसं बी येतं म्हणे. एक लांब, एक गोल."

"यिऊ दे," तुळसाबाई म्हणाल्या.

या जानेवारीत हिरवं पाकीट परत दुकानात आलं. ऋषिराजनं फोन करून सांगितलं, बाटलीबिटली काही घ्यायला लागली नाही. करुणानं सगळ्या मांडवाला पुरेल एवढं आणलं आणि लावलं. राखलेल्या भोपळ्याचं बी तिनं घरामागं टोकलं, ओढ्याच्या काठाला, आसपासचं सगळं रानगवत उपटून. सहा वेल आले. चार लांबट दुधी देतात, एक आखूड, एकाला नुसतीच फुलं येतात. सगळे गोड आहेत. निदान आत्तापर्यंत चाखले ते. ती अजून प्रत्येक दुधीची चकती कापून जिभेवर ठेवते, पाकिटाच्यासुद्धा. समाधान म्हणतो, पाकिटाचा कशाला चाखतेस, तो तर खात्रीचा. ती म्हणते, व्हय, आणि चाखते.